मध्ययुग नेमके कोणाचे संपले?

गेल्या हिवाळ्यात धाराशिव जिल्ह्यातील एका गावच्या बुद्धविहारात स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींचा अभ्यासवर्ग होता. आम्हाला जगाच्या इतिहासावर बोलायला बोलावले होते. मध्ययुगापासून बुद्धिप्रामाण्याच्या युगापर्यंतचा एवढा मोठा विषय दीड तासात उरकायचा होता. मुलांच्या हातात गाइड होते आणि त्यात प्रश्न छापलेला होता की मध्ययुगाचा शेवट कोणत्या घटनेने झाला? उत्तर : १४५३, कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव. आम्ही पुढे सरकणार तेवढ्यात एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "सर, हे साल सगळ्या जगाला लागू हाय का? आपल्या गावाला पण?"

आम्ही काही बोलायच्या आत मागच्या भिंतीला टेकून बसलेले एक आजोबा म्हणाले, "आमच्या घरातलं संपलेलं म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय." मुले हसली. आजोबा हसले नाहीत. वर्ग पुढे चालला, पण आमचे बोलणे काही रंगले नाही. त्या दिवशी जे उत्तर द्यायला हवे होते आणि सुचले नाही, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम १४५३ चेच घेऊ. ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपलचा हजार वर्षे उभा असलेला तट प्रचंड तोफांनी फोडला. अर्बन नावाचा एक हंगेरियन ओतारी होता, त्याने त्या तोफा ओतल्या होत्या. म्हणजे मध्ययुग संपले ते तोफेने, असे पुस्तकवाले म्हणतात. मग ही तोफ आमच्या जिल्ह्यात आली की नाही? आली! शंभर वर्षे पुरी व्हायच्या आत आली. १५४९ साली अहमदनगरच्या निजामशाहीत मुहंमद बिन हसन रूमी याने सुमारे ५५ टन वजनाची ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ ओतली. रूमी म्हणजे रूमचा, तुर्कस्तानकडचा. ही तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ साली तेथून विजापूरला नेली गेली. आजही ती विजापूरच्या बुरुजावर आहे. ती ओढायला शेकडो बैल आणि हत्ती लागले असे सांगतात. बैलांची आणि हत्तींची मोजदाद लोकांच्या तोंडी राहिली, पण चिखलातून चाके उचलणाऱ्या माणसांची मोजदाद कुणीही ठेवली नाही. वेठीच्या माणसांना कधी हजेरीपट असतो का?

तेव्हा जगाचा इतिहास दूर कुठेतरी घडला आणि आमचा मुलूख मात्र झोपेत होता, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढून टाकला पाहिजे. जग परांड्यापर्यंत आले होते. पंधराव्या शतकात बहमनी राज्याचा कारभार पाहणारा महमूद गवान हा इराणच्या गिलानचा. त्याने १४७२ साली बीदरला मोठा मदरसा आणि ग्रंथालय उभारले. परांड्याचा किल्लाही त्यानेच बांधला असे परंपरा सांगते. याच काळात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौल-जुन्नरमार्गे बीदरला येऊन राहिला. सरदार ऐषारामात लोळतात आणि मुलखातली रयत अगदी हलाखीत आहे, असे त्याने आपल्या टिपणात नोंदवून ठेवले. पाहुण्याला चार दिवसांत जे दिसले ते आमच्या बखरकारांना शतकानुशतके दिसले नाही.

आता परांड्याचीच दुसरी गोष्ट. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले. निजामशाही बुडाली असे सगळे धरून चालले होते. तेव्हा एका हबशी सरदाराने निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून काढला, दुसरा मुर्तजा म्हणून त्याला गादीवर बसवले आणि परांड्याहून राज्य पुन्हा चालू केले. हा सरदार म्हणजे मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादच्या बाजारातून दख्खनपर्यंत आलेला गुलाम. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हाही मूळचा हबशीच. या अंबरने पंचवीस वर्षे मोगलांना दख्खनमध्ये सुखाने बसू दिले नाही, जमिनीची मोजणी करून महसुलाची घडी बसवली, खडकी शहर वसवले, तिथे नहर खेळवली आणि १६२६ साली सन्मानाने मरण पावला. जहांगीर बादशहाला तो रणात काही सापडला नाही, म्हणून त्याने अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतानाचे आपले चित्र काढवून घेतले. समाधान मानायला माणसाला काहीही पुरते!

आमच्या चळवळीतील तरुणांनी मलिक अंबर जरूर वाचावा. पण वाचताना एका जागी थांबावे. समुद्रापलीकडून साखळदंडात आलेला गुलाम परांड्याच्या किल्ल्यात राज्याचा कर्ता होतो, आणि त्याच किल्ल्याच्या वेशीवर पिढ्यान्पिढ्या पहारा देणारा महार मात्र महारच राहतो. हे कसे? सगळेच हबशी मलिक अंबर झाले नाहीत हे खरे. असंख्य गुलाम अनामिक मेले. तरीही गुलामाला मुक्त होण्याची एक फट होती. धनी मेला किंवा प्रसन्न झाला, तर तो सुटू शकत होता, आणि सुटल्यावर त्याच्या सावलीचा विटाळ होत नव्हता. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून अस्पृश्यता अधिक वाईट का, ते साधार मांडले आहे. परांड्याच्या वेशीत उभे राहिले की ती मांडणी डोळ्यांनी दिसते.

याला जोडून आमच्या लोकांत पिढ्यान्पिढ्या सांगितली गेलेली अमृतनाकाची आख्यायिका आठवते. अमृतनाक महाराने मोठे शौर्य गाजवून बीदरच्या बादशहाच्या बेगमेला सोडवून आणले. बादशहा खूश झाला. त्याने काय दिले? बावन हक्कांची सनद! त्या हक्कांत काय होते? मेलेल्या ढोराचे कातडे होते, मढ्यावरचे कापड होते, खळ्यावरचे धान्य होते. कथा खरी की खोटी हा प्रश्न वेगळा. पण ती रचणाऱ्याला बादशहाकडून याहून मोठे काही मागण्याची कल्पनाही सुचू नये, यात सारे मध्ययुग आले. गुलामाने शौर्य केले की त्याला घोडा आणि मनसब मिळत होती. महाराने शौर्य केले तर त्याची वेठच ‘हक्क’ असे नाव देऊन त्याच्या पदरात घातली गेली, तीही वंशपरंपरेने. आमची माणसे त्या सनदेचा अभिमान बाळगून जगली, हे लिहिताना हात जड होतो.

इथे काही मंडळी लगेच हिंदू राजे की मुसलमान राजे हा वाद उकरून काढतात. जिल्ह्याचे नाव २०२३ साली अधिकृतपणे उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हाही हेच चालले होते. आम्ही त्या वादात पडत नाही. बहमनी गेले, निजामशाही गेली, आदिलशाही, मोगल, हैदराबादचा निजाम असे सगळे आले आणि गेले. कुलकर्ण्याचे दप्तर कुलकर्ण्याकडेच राहिले आणि येसकराची काठी येसकराच्याच हातात राहिली. सुलतानांना महसूल हवा होता. तो गोळा करणारी गावाची घडी त्यांना आयती मिळाली आणि त्यांनी ती मोडली नाही.

युरोपात काय झाले? चौदाव्या शतकात, १३४७ ते १३५१ च्या दरम्यान, प्लेगच्या साथीने तिथली सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक माणसे नेली. शेतात राबायला हात उरले नाहीत. उरलेल्या कुळांनी मजुरी वाढवून मागितली. इंग्लंडच्या सरदारांनी कायदा करून मजुरी गोठवू पाहिली, तेव्हा १३८१ साली कुळे लंडनवर चालून गेली. बंड चिरडले गेले, पण भूदासपणाची गाठ सैल पडत गेली ती पडतच गेली. आमच्याकडे त्याच शतकाच्या शेवटी, १३९६ पासून दुर्गादेवीचा दुष्काळ पडला. तो बारा वर्षे टिकला असे परंपरा सांगते. गावेच्या गावे ओस पडली. पुढे गावे पुन्हा वसली, पण बलुत्याच्या आणि वतनाच्या त्याच साच्यात वसली. तिथले कूळ धनी सोडून दुसऱ्या गावी गेले की नवा माणूस म्हणून उभे राहू शकत होते. इथला महार दहा कोस चालून गेला तरी दुसऱ्या गावच्या वेशीवर महार म्हणूनच पोहोचत होता. आणि शेजारच्या मंगळवेढ्यात तर चोखोबा १३३८ साली वेठीने बांधल्या जाणाऱ्या कुसवाखाली दबून मेले. ते संत होते म्हणून त्यांचे साल राहिले. त्यांच्याबरोबर गाडल्या गेलेल्यांची नावे कोणी सांगेल काय?

आता बुद्धिप्रामाण्याकडे येऊ. त्यासाठी नळदुर्गला जावे लागेल. पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहायला तिथे मोठी गर्दी लोटते. आम्हीही गेलो आहोत, फोटोही काढले आहेत. बोरी नदीवर किल्ल्यातच धरण बांधून त्या धरणाच्या पोटात महाल काढला आहे. डोक्यावरून नदी कोसळते आणि आत उभा माणूस कोरडा राहतो. हा पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात १६१३ साली झाला आणि बांधणाराचे नाव मीर इमादीन असे सांगतात. पाण्याचा दाब किती, दगड कुठवर तग धरील, लोंढा कुठून वळवायचा, हे ज्याला बोटाबोटावर ठाऊक होते अशाच माणसांचे हे काम. चारशे वर्षांच्या पुरांनी त्याची परीक्षा घेतली आहे.

योगायोग पाहा. त्याच १६१३ च्या डिसेंबरात इटलीत गॅलिलिओने आपला शिष्य कास्तेल्ली याला एक पत्र लिहिले. निसर्गाविषयीचे प्रश्न धर्मग्रंथातल्या वचनांनी नव्हे, तर निरीक्षणाने आणि पुराव्याने सोडवावेत, असा त्या पत्राचा आशय. या पत्रावरून तक्रारी झाल्या आणि अखेर १६३३ साली म्हाताऱ्या गॅलिलिओला चर्चपुढे गुडघे टेकावे लागले. पण आमचे लक्ष त्या कास्तेल्लीकडे जाते. तो स्वतः धर्मगुरू होता आणि त्याने १६२८ साली वाहते पाणी कसे मोजावे यावर पुस्तक छापले. पुढच्या कालवे-बंधाऱ्यांच्या शास्त्राचा पाया त्यातून पडला. वाहते पाणी नळदुर्गातही मोजले गेले होते, नाहीतर तो महाल पहिल्याच पुरात गेला असता. पण त्या मोजणीचे पुस्तक झाले नाही. ते शास्त्र गवंड्याच्या आणि वडाराच्या हातातच राहिले आणि हात मेला की ते मरून गेले.

असे का व्हावे? छापखाना नव्हता म्हणून? तसेही नाही. गोव्यात १५५६ सालीच छापखाना आला होता. फादर स्टीफन्सचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापून निघाले, म्हणजे पाणीमहालानंतर अवघ्या तीन वर्षांनी. लिपी रोमन होती, पण भाषा आपली होती. आमच्या पंडितांनी मात्र हे यंत्र दोनशे वर्षे दुरूनच ओवाळून टाकले. छापलेले पुस्तक कोणाच्याही हातात पडते, हीच तर त्यांची अडचण होती!

तेरचे गोरोबाकाका घ्या. मातीची पारख त्यांच्याइतकी कोणाला? थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे मडके कोणते ते त्यांनी सांगितले, ही कथा आमच्या जिल्ह्यात पोरासोरांना पाठ आहे. आता फ्रान्सचा एक कुंभार पाहा, बर्नार पालिसी. सोळाव्या शतकातला. लॅटिन येत नव्हते, ग्रीक येत नव्हते. भांड्यावरची चकाकी साधावी म्हणून पंधरा-सोळा वर्षे भट्टीशी झुंजला, सरपण संपले तेव्हा घरातल्या लाकडी सामानाला आग लावली. हाच कुंभार १५७५ पासून पॅरिसमध्ये विद्वानांना बोलावून व्याख्याने देऊ लागला. झऱ्याचे पाणी पावसाचेच असते, दगडात सापडणारे शिंपले एकेकाळी जिवंत होते, असे तो सांगत असे. १५८० साली त्याचे पुस्तक निघाले. त्यात पुस्तकी विद्या आणि अनुभवी विद्या या दोघींचा संवाद आहे आणि त्यात अनुभवी विद्या वरचढ ठरते. धर्ममतासाठी म्हाताऱ्या पालिसीला तुरुंगात टाकले आणि १५९० च्या सुमारास तो बॅस्टिलमध्येच मेला. युरोपातही ही वाट सुखाची नव्हती. पण कुंभाराने वैद्यांना आणि पंडितांना समोर बसवून मातीविषयी सांगावे आणि त्यांनी ते ऐकून घ्यावे, एवढे तरी तिथे घडले. आमच्या गोरोबांना देवाविषयी गाण्याची मुभा मिळाली. मातीविषयी त्यांना जे ठाऊक होते ते कोणीही विचारले नाही, कोणीही लिहून घेतले नाही. काम करणारा हात आणि पोथी धरणारा हात आपल्याकडे एकमेकांना शिवतच नव्हते. मग बुद्धिप्रामाण्याचे युग यायचे कुठून?

याचा अर्थ बुद्धिवाद हा युरोपचाच शोध आहे, असे आम्ही मुळीच मानत नाही. याच तेरमध्ये, जुन्या तगरमध्ये, सातवाहन काळातल्या स्तूपाचे अवशेष उत्खननात निघाले. तिथले विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे त्याची पाठीमागची अर्धगोल बांधणी पाहून अभ्यासक सांगतात. कोणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून घ्या, हा कालामांना दिलेला उपदेश जाणणारी माणसे आमच्या जिल्ह्यात दोन हजार वर्षांपूर्वी राहत होती. आपले स्वातंत्र्य, समता आणि बंधुतेचे तत्त्वज्ञान आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतले आहे, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरून स्पष्ट सांगितले ते उगाच नव्हे.

युरोपच्या बुद्धिवाद्यांचीही आरती ओवाळण्याचे कारण नाही. स्वातंत्र्याचा मोठा भाष्यकार लॉक हा गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा भागधारक होता. स्वतःची बुद्धी वापरायचे धैर्य करा, असे १७८४ साली सांगणाऱ्या कांटने काळ्या माणसांविषयी जे लिहिले ते वाचवत नाही. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री फ्रान्सच्या सभेने सरंजामी हक्क रद्द झाल्याचे जाहीर केले, माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा त्याच महिन्यात निघाला, पण फ्रान्सच्या वसाहतीतले गुलाम गुलामच राहिले. मग १७९१ साली हैतीच्या उसाच्या मळ्यांतले गुलाम उठले. हे ‘माणूस’ म्हणजे आम्हीही आलो ना, हा त्यांचा प्रश्न होता. १७९४ साली पॅरिसला गुलामगिरी रद्द करावी लागली. १८०२ साली नेपोलियनने ती परत आणली आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाली. त्या जाहीरनाम्याचा खरा अर्थ पॅरिसच्या दिवाणखान्यात नव्हे, हैतीच्या मळ्यात लागला. आमच्या गाइडमध्ये हैतीवर एक ओळसुद्धा नाही.

तो अर्थ महाराष्ट्रात कोणी लावला, हे या वाचकांना सांगायला नको. ‘एज ऑफ रीझन’ लिहिणाऱ्या थॉमस पेनचेच ‘राइट्स ऑफ मॅन’ जोतीराव फुल्यांनी १८४७ च्या सुमारास वाचले आणि लगेच १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पुस्तक तर पुण्याच्या इतर शिकलेल्यांनाही मिळत होते. १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण करताना जोतीरावांनी अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्या सज्जनांची आठवण ठेवली. आणि बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनाची मांडणी करताना युरोपातल्या राजकीय मुक्तीच्या आधी ल्यूथरची धर्मसुधारणा झाली होती, हे नेमके दाखवून दिले. डोके मोकळे झाल्याशिवाय मान मोकळी होत नाही, हे त्यांनी इतिहासातून काढले.

पण बाबासाहेब नुसती मांडणी करून थांबले नाहीत, ते आमच्या जिल्ह्यात आले. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद झाली. तडवळे तेरहून फार लांब नाही. वतनदार हा शब्द ऐकून आजच्या मुलांना वाटते की जहागीरदार असतील. चतकोर जमीन आणि खळ्यावरचे पसाभर धान्य, याच्या बदल्यात घरातल्या सगळ्यांनी रात्रंदिवस गावाची आणि सरकारची ताबेदारी करायची, हे ते वतन. सांगावा न्यायचा, मेलेले ढोर ओढायचे, मयताची बातमी परगावी पोहोचवायची. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले होते. ते संमत झाले नाही. मुंबई राज्यात असली वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. रशियाच्या झारनेसुद्धा भूदास १८६१ साली मोकळे केले होते, हा आकडा शेजारी ठेवून पाहावा.

वर्ग संपल्यावर आम्ही त्या आजोबांपाशी जाऊन बसलो. ती मुलगीही आली. "जय भीम आजोबा, तुम्ही काय बघितलंत?" तिने विचारले. आजोबा म्हणाले, त्यांचा बाप येसकर होता. घुंगराची काठी घेऊन संध्याकाळी भाकरी मागायला जायचा. नागपूरच्या दीक्षेनंतरचा पावसाळा, म्हणजे १९५७ चा. पाटलाचा बैल मेला. सांगावा आला. बाप उठला नाही. दुसऱ्यांदा सांगावा आला, तरी उठला नाही. तिसऱ्या दिवशी बैल वास मारायला लागला, तेव्हा पाटलाच्या गड्यांनीच तो ओढला. गावाने काम बंद केले, दळण बंद केले, पाणी बंद केले. आजोबांची आई दोन कोसांवरून ओढ्याचे पाणी आणायची. "चार म्हैने काढले. बापानं त्या काठीचे घुंगरू काढून आम्हा पोरास्नी खेळायला दिले," आजोबा म्हणाले. "काठी चुलीत घातली. लई वाळलेली व्हती, लगीच पेटली."

मुलीने वही उघडली. परीक्षेत काय लिहायचे, असे तिने आम्हाला विचारले. आम्ही म्हणालो, १४५३ लिही, गुण त्यालाच आहेत. तिने तसे लिहून घेतले. मग वहीच्या मागच्या पानावर आजोबांच्या बापाचे नाव विचारून घेतले आणि त्यापुढे १९५७ लिहिले.